ठोकळ्यांचा रायगड

२०२२ सालच्या दिवाळीपूर्वी आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लागली. आवारात नुकतेच पेव्हर ब्लॉक बसविले असल्याने यंदा मुलांनी माती आणून किल्ला करू नये, सहकार्याबद्दल आभार, अशा अर्थाचा तो चार ओळींचा मजकूर होता. खाली ज्यांच्या सह्या होत्या त्यांत प्रस्तुत लेखकाचीही एक होती. समितीच्या सभेत हा विषय रात्री दहाच्या सुमारास निघाला, गाड्या कुठे लावायच्या यावरून आधीच तासभर वाजले होते आणि सर्वांनाच घरी जाण्याची घाई झाली होती. कोणीतरी म्हणाले, लाद्यांच्या सांध्यांत माती बसते, मग ती निघत नाही. मी मान डोलावली आणि सही केली. शिवचरित्रावरील व्याख्याने ऐकत लहानाचा मोठा झालेल्या, रायगडाच्या पायऱ्या बारा-पंधरा वेळा चढलेल्या माणसाने स्वतःच्या आवारातला किल्ला बंद करणाऱ्या कागदावर सही केली, आणि आपल्या हातून काही विपरीत घडते आहे असे त्याला त्या क्षणी वाटलेही नाही.

माझी बहीण आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये राहते. तिचा मुलगा तेव्हा सातवीत होता. दरवर्षी किल्ल्याच्या मातीसाठी मामाच्या मागे लागणारा हा मुलगा त्या वर्षी एका शब्दाने रुसला नाही, की सूचना का लावली म्हणून विचारायला आला नाही. खरे तर तेव्हाच मला काही उमजायला हवे होते. भाऊबीजेला ओवाळून झाले, करंजी तोंडात असतानाच तो म्हणाला, "मामा, किल्ला बघायचाय? ह्या वर्षीचा?" मी खिडकीतून खाली पाहू लागलो. तो हसला आणि त्याने मला संगणकासमोर बसविले.

पडद्यावर रायगड उभा होता. सगळा ठोकळ्यांचा, चौकोनी आणि ओबडधोबड, पण रायगडच. गंगासागर तलाव निळ्या ठोकळ्यांनी भरलेला, त्याच्या काठाला मनोरे, पलीकडे होळीचा माळ, बाजारपेठेच्या दोन रांगा. कोपऱ्याकोपऱ्यावर दिवे लावलेले. आणि त्या किल्ल्यावर माणसे हिंडत होती! मुलुंडला राहणारा त्याचा चुलतभाऊ टकमक टोकाच्या टोकावर उभा राहून उड्या मारीत होता, घाटकोपरचा एक मित्र बाजारपेठेतल्या दुकानांना दारे बसवीत होता. दोघे आपापल्या घरी बसून त्याच एका किल्ल्यावर आले होते. सुटीचे पंधरा दिवस हे काम चालले होते. मातीच्या किल्ल्याला आम्ही अडवले, तर पोरांनी आमची लादी, आमचा फळा आणि आमची सही या सगळ्यांच्या पलीकडे जाऊन किल्ला बांधला होता.

माइनक्राफ्ट नावाच्या या खेळाचे नाव बहुतेक घरांत ठाऊक असेल, निदान मुलांना तरी. स्वीडनमधील मोजँग या लहानशा कंपनीने तो २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला, मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यात जिंकायचे-हरायचे असे मुख्यत्वे काही नसते. एक अफाट भूमी असते, डोंगर, नद्या, गुहा, वाळवंटे असलेली. तिच्यात भटकायचे, खणायचे, ठोकळ्यावर ठोकळा रचून जे हवे ते उभे करायचे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, लांबीला, रुंदीला आणि उंचीलाही. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने २०१२ पासून याच खेळाचा उपयोग करून जगातील अनेक शहरांत वस्तीतल्या लोकांकडून, विशेषतः मुलांकडून, मोकळ्या जागांचे आराखडे करवून घेतले आहेत. मुंबईतही असा प्रयोग झाला. तेव्हा हा पोरखेळ आहे म्हणून हात झटकण्याची सोय उरलेली नाही.

भाच्याने मला फिरवून आणले आणि मग तक्रारीच्या सुरात सांगितले, "डोंगर मात्र पूर्ण नाही झाला. मावतच नाही." या खेळातील जगाला उंचीची मर्यादा आहे. तळापासून माथ्यापर्यंत तीनशे चौऱ्याऐंशी ठोकळे, त्यावर काही रचता येत नाही. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे वीस मीटर. म्हणून त्याने खालचा डोंगर कापून केवळ माथा घेतला होता. मला, खरे सांगायचे तर, हे ऐकून उगाचच अभिमान वाटला. तीस कोटी प्रती खपलेल्या त्या जगात आमचा रायगड मावत नाही! पण तो अभिमान फार वेळ टिकला नाही, कारण पोराचा पुढचा प्रश्न आला. "मामा, राजवाड्याचं छप्पर कसलं होतं रे? कौलं होती की गच्ची होती? आणि बाजारपेठेतल्या दुकानांना वरचा मजला होता का?"

मला सांगता आले नाही. रायगडावर उभे राहून माझा कंठ कितीदा दाटून आला असेल, पण मान वर करून छप्पर कसले असेल असा प्रश्न मला पस्तीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, राजवाडे जळाले, आणि उरली ती जोती. आपण जोत्यांना नमस्कार करून खाली उतरतो. त्या पोराला मात्र जोत्यावर भिंत, भिंतीवर तुळई आणि तुळईवर छप्पर घालायचे होते. ज्याला बांधायचे असते त्याला खरे माहीत असावे लागते, नमस्कार करणाऱ्याचे अर्ध्या माहितीवर भागते. त्याने आणखी एक विचारले होते, हत्ती वर कसे नेले? निदान या बाबतीत तो एकटा नव्हता. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी गडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन यालाही दाराशी झुलणारे हत्ती पाहून हेच कोडे पडले होते.

आपल्याकडे याला 'आभासी विश्व' म्हणतात. शब्द बरा आहे, परंतु त्याने एक घोटाळा केला. आभास म्हटले की मृगजळ आठवते, आणि मृगजळाची चिंता शहाण्या माणसाने करायची नसते, अशी आपली समजूत झाली. वस्तुस्थिती अशी की गेली वीस-बावीस वर्षे जगातील शहाणी माणसे या मृगजळात जमिनी घेत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' नावाचे जग उघडले, ज्यात माणसे दुसरे रूप घेऊन राहत, घरे बांधत, दुकाने चालवीत. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००६ मध्ये तिथे आपला वार्ताहर नेमला आणि स्वीडनने २००७ मध्ये चक्क दूतावास थाटला. तेव्हा आम्हा पत्रकारांच्या कट्ट्यावर त्याची यथेच्छ टिंगल झाली होती. टिंगल करणाऱ्यांत मी पुढे होतो. पुढे ते जग मागे पडले, पण आज ज्यांना आपण खेळ म्हणतो त्यांपैकी कित्येक खेळ म्हणजे अशीच हिंडण्या-फिरण्याची, भेटण्या-बोलण्याची गावे आहेत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, जिथे मुलांना धावायला मैदान नाही आणि जिन्यात खेळले तर खालच्या मजल्यावरून ओरडा येतो, तिथली मुले संध्याकाळी याच गावांत जातात. त्यांनी जाऊ नये असे म्हणणाऱ्यांनी मैदानांचे काय झाले याचेही उत्तर द्यायला हवे. माझ्यापुरते उत्तर वर दिले आहे.

मला अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे. ही गावे वसविणारे कोण, आणि त्यांत आपण कसे दिसतो? 'हिटमॅन २' हा खेळ २०१८ मध्ये आला. तो रचणारी कंपनी डेन्मार्कमधील कोपनहेगनची. त्यात एक अख्खी मुंबई आहे. भाच्याच्या थोरल्या भावाने मला त्या मुंबईत नेले. दाटीची वस्ती, धोबीघाट, रेल्वेचे यार्ड, अर्धवट बांधलेला मनोरा, चित्रपटवाला आणि गुंड. कारागिरी अव्वल होती, भिंतींवरचे पोपडेसुद्धा खरे वाटत होते. पण पहाटे लोकल गाठणारी मुंबई, वाचनालयाची मुंबई, गणपतीच्या आरतीला जिन्यात चपलांचा ढीग पडणारी मुंबई तिथे मला दिसली नाही. मारेकऱ्याच्या कामाला जेवढी लागते तेवढीच मुंबई त्यांनी घेतली. त्यांना दोष का द्यावा? २०१७ च्या 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' या अमेरिकी खेळात तर नायिका आपल्या पश्चिम घाटात जीप घालते आणि होयसळांच्या लुप्त नगरीत गणेशाचा सुळा शोधते. हळेबीड आणि बेलूर ही नावे त्यात आहेत, पण ज्याने कर्नाटकच्या पठारावरील ही गावे प्रत्यक्ष पाहिली आहेत त्याला ती घनदाट अरण्यातील धबधब्यांखाली सापडलेली पाहून हसावे की रडावे कळणार नाही. आणि जगाच्या पाठीवरील एखाद्या मुलाला होयसळ हे नाव पहिल्यांदा भेटते ते तिथेच, ही गोष्टही तितकीच खरी.

जपानचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तेही एका परक्याच्याच हातचे आहे. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा २०२० चा खेळ अमेरिकी कंपनीने केला. विषय १२७४ मधील मंगोल आक्रमणाचा, स्थळ त्सुशिमा बेट. त्याच वर्षी सप्टेंबरच्या वादळात त्या बेटावरील वातात्सुमी मंदिराचे तोरणद्वार कोसळले. पुजाऱ्यांनी पन्नास लाख येनांची मदत मागितली, आणि जमले दोन कोटी सत्तर लाखांहून अधिक. ज्यांनी ते बेट केवळ पडद्यावर तुडवले होते अशा खेळाडूंचा त्यात मोठा वाटा होता. पडद्यावर ज्या भूमीत माणूस रमतो तिच्याविषयी त्याच्या मनात खरोखरीची माया उपजू शकते, याचा याहून रोकडा पुरावा मला ठाऊक नाही.

चीनने तर कोणाची वाट पाहिली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला 'ब्लॅक मिथ : वुकाँग' हा खेळ चिनी कंपनीचा, चिनी कादंबरीवर आधारलेला, आणि त्यातील मंदिरे, मूर्ती, पागोडे हे तिथल्या खऱ्या स्थळांचे बारकाईने मोजमाप घेऊन उभे केलेले. त्यातील छत्तीसपैकी सत्तावीस स्थळे एकट्या शान्शी प्रांतातली. तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्या आणि शान्शीच्या जुन्या मंदिरांत पर्यटकांची रीघ लागली. या कथेतील वानरवीर ज्या भिक्षूचे रक्षण करीत चालतो तो भिक्षू म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील ह्युएन त्संग. तो चालला आहे भारताकडे. सातव्या शतकात तो इथे आला, पुलकेशीच्या राज्यात आला, महाराष्ट्राच्या लोकांविषयी त्याने लिहून ठेवले. म्हणजे त्या यात्रेचे एक टोक आपल्या दारात आहे, आणि सारी वाट मात्र त्यांनी चितारली आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगासमोर ठेवला. भावाला शोधायला निघालेली एक डोंबारीण पोर आणि तिच्यावर नजर ठेवून असलेले दुर्गा व विष्णू, अशी ती कथा. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ मधील प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी खेळ सोडला नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. मुंबईच्या गेमईऑनने २०२० मध्ये 'मुंबई गल्लीज' या खेळाची घोषणा केली, ज्यात आपल्याच शहरात मनसोक्त हिंडावे अशी कल्पना आहे. शासनही जागे झाले आहे. राज्याने २०२५ मध्ये या क्षेत्राचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. केंद्राच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचे पहिले संकुल त्याच वर्षी मुंबईत सुरू झाले, तिचे कायमचे स्थान आमच्या शेजारी गोरेगावच्या चित्रनगरीत ठरले आहे.

धोरण आले, जागा आली, यंत्रेही येतील. छप्पर कसले होते हे सांगणारा माणूस कुठून येणार? कला शाखेच्या एका पदवीधराचे हे जुने दुखणे समजा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हुशार मुलगा अभियंता होतो, आणि इतिहास किंवा संस्कृत घेणाऱ्याकडे आपण आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहतो. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने प्राचीन इजिप्तवर खेळ केला तेव्हा इतिहासकार पदरी ठेवून केला, आणि २०१८ मध्ये त्यातली सारी मारामारी काढून विद्यार्थ्यांना केवळ हिंडून पाहता येईल अशी आवृत्ती काढली. रायगडाची अशी आवृत्ती करायची तर मोडी वाचणारा लागेल, लाकूडकामाच्या जुन्या सांध्यांची नावे सांगणारा सुतार लागेल, जोत्यांची मापे घेणारा पुरातत्त्वज्ञ लागेल, सतराव्या शतकातील बाजारात कोणता शब्द शोभेल आणि कोणता नाही हे कळणारा भाषेचा माणूस लागेल. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्या दिवशी पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होते.

एक आक्षेप रास्त आहे, तो टाळता येणार नाही. या खेळांपायी मुले रात्र रात्र जागतात, डोळे आणि अभ्यास दोन्ही जातात, आणि पैसे लावण्याच्या खेळांनी तर घरे बुडाली. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले. या कायद्याचे स्वागतच करायला हवे. पण बंदीने रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. पबजी गेला, २०२१ मध्ये त्याचाच नवा अवतार भारताचे नाव लावून आला. बहिणीने घरात तासाची शिस्त लावली आहे आणि ती मोडली की संगणक कपाटात जातो. यात तिने माझा सल्ला घेतला नाही, ते बरेच झाले.

मला दिसलेली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या भाऊबीजेनंतर महिनाभराने भाच्याने आपणहून विचारले, "मामा, कान्हेरीला जायचं?" आम्ही बोरिवलीत राहतो. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरीची लेणी पाच-सहा किलोमीटर आत. शंभराहून अधिक लेणी, हजार वर्षे नांदता राहिलेला विहार, सोपारा-कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेले ब्राह्मी शिलालेख. आजवर त्याला तिथे नेण्याचा विषय काढला की त्याचे पोट दुखत असे. आता त्याला जायचे होते, कारण गडावरच्या टाक्यांत पाणी कुठून येते हे त्याला ठोकळ्यांत जमत नव्हते. तिथे तो मूर्तींपुढे थांबलाच नाही. कातळात खोदलेल्या पन्हळी, पावसाचे पाणी माथ्यावरून उतरवून लेण्यालेण्याच्या टाक्यात नेणाऱ्या त्या बोटभर-हातभर चरांच्या मागे तो दोन तास वर-खाली करीत राहिला. चैत्यगृह पाहून घे, असे मी दोनदा सांगितले. "थांब रे मामा," एवढेच उत्तर आले. परतताना त्याने वहीत काढलेले चित्र मी पाहिले. टाक्याच्या तोंडाशी गाळ अडावा म्हणून ठेवलेली खोलगट जागा त्याने नेमकी टिपली होती. मी ती कधीच पाहिली नव्हती.

२०२५ च्या दिवाळीपूर्वी मी समितीपुढे मागील सूचना रद्द करण्याचा विषय मांडला. लाद्यांचा प्रश्न पुन्हा निघाला, गाड्यांचाही निघाला. पाच विरुद्ध चार मतांनी ठराव संमत झाला. खाली जाड प्लास्टिक अंथरायचे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सर्व उचलायचे, या अटीवर. मातीचा टेम्पो कोणी आणायचा यावर एकमत झाले, तो मी आणायचा.

भाचा आता दहावीत. क्लासमुळे त्याला वेळ नव्हता, किल्ला लहान मुलांनीच घातला. वसुबारसेच्या संध्याकाळी तो पाठीला दप्तर लावून घरी परतत होता. पोरांनी महादरवाजा किल्ल्याच्या बरोबर समोर, सर्वांना दिसेल असा केला होता. तो थबकला. "अरे, असा समोर नसतो. दोन बुरुजांच्या मध्ये, वळणावर लपलेला असतो. शत्रूला खालून दिसता कामा नये." पोरांना ते पटले नाही, कारण मग त्यांचा आकाशकंदील कुठे टांगणार? तेव्हा त्याने दप्तर गाडीच्या टपावर ठेवले, मोबाइलवर आपला ठोकळ्यांचा रायगड उघडून तो प्लास्टिकच्या कडेला उभा केला, आणि बाह्या सरसावून गुडघ्यांवर बसला. गाडी माझी होती.